उन्हाळा गोठ्यातला आणि गाईच्या पोटातला

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४३ अंशांवर गेला की वर्तमानपत्रात चौकट येते. त्याच दुपारी रत्नागिरीत तो ३३ वर असतो आणि त्याची बातमी होत नाही. हीच दुपार दुभत्या संकरित गाईच्या बाजूने मोजली तर हिशोब वेगळा निघतो. जनावरांवरचा उष्णतेचा ताण मोजायला जगभर तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. अर्ल थॉम या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५९ मध्ये माणसांच्या उकाड्यासाठी जी मोजणी मांडली, तिच्यातूनच तो पुढे गोठ्यात आला. चंद्रपूरचे ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता त्याच्या प्रचलित सूत्रात घातली की आकडा ८५ च्या आसपास येतो. रत्नागिरीचे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता घातली तर ८६. दोन्हीकडच्या गाई सारख्याच हाशहुश करतात, फक्त एकीची दखल घेतली जाते.

होल्स्टीन गाईसाठी या निर्देशांकाची धोक्याची रेषा अनेक वर्षे ७२ मानली जात होती. जास्त दूध देणाऱ्या गाईंवर अमेरिकेत झालेल्या नंतरच्या अभ्यासांनी ती ६८ पर्यंत खाली आणली. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, म्हणजे आपण स्वेटर काढून ‘काय छान हवा आहे’ म्हणतो ती हवा, सूत्रात घालून पाहा: आकडा ७२ च्या वर जातो. जुलै-ऑगस्टमधली ढगाळ, २८ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची पुण्याकडची दुपार ८० ला टेकते. शेतकरी तेव्हा उन्हाळा संपला म्हणून पंखे पुसून ठेवतो.

अर्थात हे सूत्र म्हणजे काही वेदवाक्य नाही. त्यात ऊन धरलेले नाही, वारा धरलेला नाही, आणि ते विदेशी गाईवर बेतलेले आहे. देवणी किंवा लाल कंधारी या देशी गाईंना ७२ ला काहीही होत नाही. पण हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या, म्हणजे मैदानी भागात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, ही फक्त पाऱ्यावर चालते. तेवढ्यावर गोठ्याचे नियोजन केले तर कोकणातली, कोल्हापूरकडची आणि पावसाळ्यातली गाय हिशोबातून सुटतेच.

या सगळ्या प्रश्नाचे मूळ बाहेरच्या उन्हापेक्षा आतल्या भट्टीत आहे. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा हे आंबवण्याचे भांडे असते. चारा तिथे कुजतो, जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून सतत उष्णता निघते. दूध तयार होताना आणखी निघते. १९९० च्या एका मोजणीत असे दिसले की दिवसाला साधारण १८ किलो दूध देणारी गाय भाकड गाईपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त उष्णता तयार करते आणि ३१ किलो देणारी सुमारे ४८ टक्के. म्हणून एकाच पत्र्याखाली, एकाच दावणीला बांधलेल्या तीन गाईंपैकी सर्वांत जास्त दूध देणारी आधी धापा टाकते. तिला आपण ‘नाजूक’ म्हणतो. खरे तर ती सर्वांत जास्त काम करत असते.

ही उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मार्ग थोडे. थंड हवा अंगावरून गेली तर थोडी जाते, थंड जमिनीवर बसली तर थोडी जाते. हवा अंगाइतकीच तापली की हे दोन्ही मार्ग बंद. मग उरते ते पाणी उडवणे: घामातून आणि श्वासातून. एक लिटर पाणी कातडीवरून वाळून गेले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. ही सोय कोरड्या हवेत उत्तम चालते आणि दमट हवेत अडते. रत्नागिरीच्या गाईचे दुखणे नेमके हे आहे.

ताण ओळखायला यंत्र लागत नाही. गाईच्या बाजूला चार हात लांब उभे राहा, तिला हात लावू नका, आणि भकाळीकडे, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाकडे पाहा. भकाळी एकदा वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या आत असेल तर ठीक. ६० च्या वर गेले की ताण सुरू. ८० च्या पुढे ती रवंथ सोडून उभी राहते, कारण बसले की पोट छातीवर येते आणि अंगाला हवा कमी लागते. शंभरी ओलांडली, तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत, मान पुढे ताणलेली, तर ही थेट आणीबाणी. गाईचे नेहमीचे तापमान ३८.५ अंशांच्या जवळपास. ते ४१ च्या वर गेले की डॉक्टरांना फोन लावायचा आणि ते येईपर्यंत सावली, अंगावर पाण्याचा धबधबा आणि वारा. एक गोष्ट मात्र करायची नाही: धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटलीने पाणी किंवा गुळाचे पाणी ढोसायचे नाही. ते सरळ फुप्फुसात जाते.

ही मोजणी दुपारी दोनला सगळेच करतात. करायची असते ती रात्री नऊ-दहाला. दिवसभर शरीरात साठलेली उष्णता रात्री बाहेर पडायची असते. रात्री दहालाही गाय ७० श्वास घेत असेल तर ती उद्याची सकाळ आजचे कर्ज डोक्यावर घेऊन सुरू करणार. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मांसासाठी पोसलेली किमान दोन हजार जनावरे थोड्याच दिवसांत मेली. तिथे ऊन नवे नव्हते. त्या दिवसांत आर्द्रता अचानक वाढली, वारा पडला आणि रात्री थंड झाल्या नाहीत. आपल्याकडे नवतपाच्या दिवसांत विदर्भात रात्रीचा पारा ३० च्या खाली यायला तयार नसतो. पत्रे आणि सिमेंटच्या भिंती दिवसभर प्यायलेले ऊन रात्री गोठ्यात ओकत असतात.

नुकसान दिसते ते दुधाच्या कॅनमध्ये, पण तिथवर पोचण्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. गाय उन्हात कमी खाते, म्हणून दूध घटते, हे जुने स्पष्टीकरण. अॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासायला एक साधा प्रयोग केला. गाईंचा एक गट गरम खोलीत ठेवला, दुसरा गार खोलीत. आणि गार खोलीतल्यांना फक्त तेवढाच चारा दिला, जेवढा गरम खोलीतल्या खात होत्या. दोघींचे पोट सारखेच अर्धे. तरी गरम खोलीतल्यांचे दूध कितीतरी जास्त घटले. कमी खाण्याने झालेली घट एकूण घटीच्या एक तृतीयांश ते निम्मी निघाली. बाकीची घट उष्णतेने शरीराचा कारभारच बदलल्यामुळे. म्हणजे ‘उन्हाळ्यात खुराक वाढवा’ हा सल्ला अर्धाच उपयोगी, आणि चुकीच्या वेळी वाढवला तर उलटा.

दुसरे नुकसान फॅटमध्ये. गाय धापा टाकते तेव्हा श्वासातून कर्बवायू भराभर उडून जातो आणि रक्त अल्कधर्मी होते. मूत्रपिंडे ते सावरायला सोडियम बायकार्बोनेट लघवीतून टाकून देतात. हेच बायकार्बोनेट लाळेतून पोटात जाऊन तिथले आम्ल मारत असते. वर ती लाळ जमिनीवर गळून वाया जाते. अशा वेळी कडबा नको म्हणून जनावर पेंडीवरच डोके घालते, आणि पोटात आम्ल वाढते. परिणाम संध्याकाळी डेअरीच्या मशीनवर दिसतो: फॅट ३.५ वरून ३.१, एसएनएफ (फॅट सोडून उरणारा घन भाग) ८.५ च्या खाली. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ या जोडीला बांधलेला आहे, त्यामुळे लिटर घटतात आणि दरही घटतो. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाजारात दूध कमी आणि भाव बरा असतो, तेव्हाच. दुकानातला खाण्याचा सोडा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम, डॉक्टरांना विचारून, पेंडीत मिसळून देण्याचा सल्ला याच साखळीतून आला आहे. तो टोटका नव्हे. आणि एक बारकावा: माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जाते, गाईच्या घामातून पोटॅशियम. माणसाचे मीठ-साखर-पाणी गाईला तसेच्या तसे लागू पडत नाही, तिला खनिज मिश्रण लागते.

तिसरे नुकसान महिन्यांनी कळते. गाय उलटते. माज दिसतच नाही, किंवा रात्री दोन तास दिसून जातो. भरवली तरी पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णतेला टिकत नाही. अंडपेशी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यात भाजलेली अंडपेशी पावसाळ्यात समोर येते आणि शेतकरी कृत्रिम रेतन करणाऱ्याला दोष देतो. म्हशींची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा मुका माज उन्हाळ्यात इतका मुका होतो की बहुतेक म्हशी भरतात ते पावसाळा सरल्यावर, आणि म्हणून व्याण्याचा हंगाम पुढच्या वर्षी त्याच सुमारास एकवटतो.

चौथे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे भाकड काळातल्या गाभण गाईंवर काम केले. शेवटचे दीड महिने काही गाई नुसत्या सावलीत ठेवल्या, काहींना सावलीबरोबर पंखे आणि फवारे दिले. दोन्ही गटांना व्याल्यानंतर सारखीच वागणूक. गार ठेवलेल्या गाईंनी पुढच्या वेतात दिवसाला चार-पाच किलो दूध जास्त दिले. इथवर ठीक. पण पोटात असताना उष्णता सोसलेल्या कालवडी मोठ्या झाल्या, व्याल्या, तेव्हा त्यांचेही दूध कमी निघाले, आणि पुढे नातींमध्येही तोच माग दिसला. आता आपला गोठा आठवा. दुभत्या गाईला पंखा, आणि भाकड गाभण गाय मागच्या अंगणात खुंट्याला, कारण तिचे सध्या काही उत्पन्न नाही. आपण ज्या जनावराला सर्वांत कमी सावली देतो, तिच्या पोटात आपला दहा वर्षांनंतरचा गोठा असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न इतका मोठा झाला कसा, याचे उत्तर टाळून पुढे जाता येत नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेल्या. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकराने दोन लिटरच्या गाईच्या जागी दहा-पंधरा लिटरची गाय आली. नगर, पुणे, सोलापूर, सांगलीच्या कोरडवाहू पट्ट्यात या दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर मुलांची शिक्षणे झाली. त्यामुळे ‘विदेशी रक्ताने वाटोळे केले’ हे सोपे वाक्य मला मान्य नाही. चूक झाली ती दुसरीकडे. युरोपच्या थंड कुरणातली भट्टी आणली आणि तिला देशी गाईचाच गोठा दिला: आठ फुटांवर पत्रा, आखूड दावे, दिवसातून दोनदा बादलीभर पाणी.

देशी गाय या हवेत का टिकते याची कारणे तिच्या अंगावर लिहिलेली आहेत. लांब पोळी आणि सैल कातडी म्हणजे उष्णता टाकायला जास्त पृष्ठभाग. आखूड, चकचकीत, फिक्या रंगाचे केस ऊन परतवतात आणि खालची काळी कातडी अतिनील किरण अडवते. घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि दाट. शिवाय पेशींच्या पातळीवरही ती उष्णतेचे घाव जास्त सोसते. आणि हे सांगायचे राहून जाते की ती कमी दूध देते, म्हणून मुळात भट्टीच लहान. खिल्लार गाय उन्हात खुशाल उभी असते यातला काही भाग तिच्या कातडीचा गुण, काही भाग तिच्या रिकाम्या सडांचा. देशी गाईचे गुणगान करणारे भाषणांत दुसरा भाग गाळतात.

म्हैस मात्र देशी असूनही उन्हात सर्वांत दुबळी. काळी कातडी, विरळ केस, घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. निसर्गाने तिला घामाऐवजी डबके दिले. नदीत, तलावात दोन-तीन तास डुंबली की ती दिवस काढते. अंगावरचा चिखल वाळेपर्यंत थंडावा टिकतो. सावलीत आणि ओलाव्यात ठेवली तर ती संकरित गाईपेक्षा बरी वागते, उन्हात बांधली तर दोन तासांत मेटाकुटीला येते. पंढरपुरी आणि नागपुरी म्हशी मोठ्या मुऱ्ह्यापेक्षा आपल्या कोरड्या भागात जास्त टिकाव धरतात हा पशुपालकांचा अनुभव आहे. पण नद्या आटल्या, तलाव बुजले, आणि म्हशीचे डुंबणे घरच्या नळाच्या पाइपवर आले.

जातींच्या दिशेने जगात दोन वाटा दिसतात. ब्राझीलने सौराष्ट्रातून नेलेल्या गीरचा होल्स्टीनशी संकर करून गिरोलांडो ही गाय स्थिर केली, आणि त्या देशाच्या दुधाचा मोठा भाग आज तिचाच आहे. दुसरी वाट कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईतून निघाली. तिच्या अंगावर केस जेमतेम, कारण प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकाच्या जनुकात एक बदल. तो २०१४ मध्ये नेमका ओळखला गेला. प्वेर्तो रिकोत असे आखूड केसांचे होल्स्टीन आधीच पैदास केले जात होते, आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हाच बदल जनुक-संपादनाने घडवलेल्या मांसाच्या जनावरांना कमी जोखमीचे ठरवले. आपल्या दारात हे यायला वेळ आहे. तोवर गावातल्या माणसाच्या हातात असलेला निर्णय साधा आहे: संकरित गाईत विदेशी रक्त किती ठेवायचे. पाणी, पंखा, वीज आणि माणूस यांची खात्री असेल तर वर जा. नसेल तर निम्म्याच्या आसपास थांबा.

आता उपायांकडे. त्यांचा क्रम माझ्या मते असा: पाणी, छप्पर, वेळापत्रक, आणि मग पंखे-फवारे. कृषी प्रदर्शनातल्या दालनांत तो नेमका उलटा दिसतो, कारण पंखा विकता येतो, वेळापत्रक विकता येत नाही.

दुधात ८७ टक्के पाणी असते. दुभत्या गाईला एरवी दिवसाला ६०-७० लिटर लागते, उन्हाळ्यात शंभराच्या पुढे. दावणीच्या गोठ्यात तिला ते मिळते दोनदा, धारेच्या आधी-नंतर, जेव्हा मालक सवडीत असतो. तिला तहान लागते दुपारी एकला. चोवीस तास समोर पाणी ठेवले, दुसरे काही केले नाही, तरी दूध वाढल्याचा अनुभव इतक्या गोठ्यांतून ऐकू येतो की ते आता नवल राहिले नाही. पण समोर पाणी असणे आणि ते पिण्याजोगे असणे वेगळे. पत्र्यावरची काळी प्लॅस्टिक टाकी, तिथून उघड्यावरून आलेला काळा पाइप, आणि उन्हात ठेवलेला लोखंडी अर्धा पिंप. दुपारी तीनला गाय नाकपुड्या पाण्याला लावते, एक घोट घेते, तोंड वर करून ओठ चाटते आणि मागे सरते. मालक म्हणतो, ‘तहान नाही तिला.’ त्या पाण्यात हात घालून पाहावा, चटका बसतो. हौद सावलीत, आतून-बाहेरून चुन्याने पांढरा, दर आठवड्याला शेवाळ घासलेला, टाकीवर गोणपाट, पाइप जमिनीत वीतभर खाली. यात एकही वस्तू महाग नाही. घासायला लागतो तो माणूस मात्र महाग.

छपराचे शास्त्र जुने आहे, आपण ते पत्र्यापायी विसरलो. पूर्वीच्या गोठ्यावर पाचट, गवत किंवा कौले असत. पत्रा टिकाऊ, स्वस्त, एका दिवसात चढतो. पण दुपारी तो इतका तापतो की खाली उभ्या गाईच्या पाठीवर तव्याची धग येते. उंची दहा-बारा फूट, माथ्यावर गरम हवा निघायला फट, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसत नाही. पत्र्यावर वीतभर पाचट, पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरून ठेवल्या, वर चुना मारला, तर फरक हाताला कळतो. फक्त पऱ्हाट्यांना आग लागते हे लक्षात ठेवून विजेच्या वायरी आधी तपासायच्या. झाडाची सावली यापेक्षा सरस, कारण पाने स्वतः पाणी उडवून हवा गार करतात. कडुलिंब आणि चिंच लावायला आज सुरुवात केली तर सहा-सात वर्षांनी सावली. म्हणून ती कुठल्याच योजनेत बसत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मुक्त संचार गोठ्याचा प्रसार झाला, आणि उष्णतेच्या बाबतीत मला तो सर्वांत मोठा बदल वाटतो. भारतीय मानकाप्रमाणे गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात, म्हशीला चार आणि आठ एवढी जागा लागते. दावे सोडले की गाय स्वतः ठरवते: कुठे बसायचे, कधी प्यायचे, वारा कुठून येतो. रात्री ती छपराखालून निघून मोकळ्या आभाळाखाली, गार मातीवर बसते. रात्रीच्या उष्णतेवर एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही. अडचण जागेची आणि बिबट्याची. जुन्नर-संगमनेरच्या ऊसपट्ट्यात रात्री जनावर मोकळे ठेवा म्हणणाऱ्या माणसाने आधी जाळीच्या कुंपणाचा खर्च सांगावा.

पंखे आणि फवारे यांत इस्रायलने जगाला धडा घालून दिला. इझ्राएल फ्लॅमेनबाऊम आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अशी: गाय अर्धा मिनिट चिंब भिजवायची, साडेचार मिनिटे जोराचा वारा, पुन्हा भिजवायची, असे अर्धा तास, दिवसातून अनेक वेळा. गारवा पाण्याने येत नाही, पाणी उडून जाण्याने येतो, म्हणून दोन भिजवण्यांमधला वारा हाच खरा उपचार. आपल्याकडे नेमके इथेच चुकते. बंद गोठ्यात फॉगर लावतात. त्याचे धुके केसांच्या टोकांवर बसते, कातडीपर्यंत जात नाही, आणि गोठ्यातली आर्द्रता चढते. विदर्भाच्या कोरड्या एप्रिलमध्ये, चारही बाजू उघड्या असतील तर फॉगर हवा खरेच गार करतो. कोकणात, किंवा जूनच्या उंबरठ्यावर पुण्यात, तोच फॉगर गाईला वाफेत उकडतो. तिथे मोठ्या थेंबांचे फवारे आणि मोठे पंखे, नाहीतर नुसते पंखे. एकच अनुदानाचा संच पूर्ण राज्याला वाटण्याआधी कृषी खात्याने आर्द्रतेचा नकाशा समोर ठेवायला हवा. पाण्याचा प्रश्न आहेच. माणसांसाठी टँकर येणाऱ्या गावात गाईला दिवसात पाच वेळा भिजवा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. तिथे ओला गोणपाट पाठीवर आणि वाऱ्याची वाट मोकळी, एवढेच.

वेळापत्रकाचे गणित असे. चारा खाल्ल्यावर काही तासांनी पोटातली भट्टी ऐन भरात येते. सकाळी नऊ-दहाला दिलेली वैरण दुपारी एक-दोनला पेटते, नेमकी बाहेरचे ऊन माथ्यावर असताना. म्हणून सकाळची वैरण सहा-सातपर्यंत आटोपायची, दिवसाच्या चाऱ्यातला दोन तृतीयांश भाग सूर्यास्तानंतर. सुका कडबा पचताना जास्त उष्णता निघते, मुरघास आणि हिरव्या चाऱ्यातून कमी. म्हणून मुरघासाचा खड्डा पावसाळ्यातच भरून ठेवणे ही उन्हाळ्याचीच तयारी. पण शेतकऱ्याचे घड्याळ त्याच्या हातात नसते. दूध संकलन सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. संध्याकाळची धार साडेचारला, पत्रा तापलेला असताना, गाय एका जागी जखडून. संकलनाची वेळ उन्हाळ्यात तासभर पुढे ढकलली तर कुठल्याही अनुदानाशिवाय हजारो गाईंची एक तापलेली वेळ टळते.

शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि बैल यांच्याविषयी थोडक्यात. उस्मानाबादी शेळी उष्णतेत चिवट, पण करडे नाहीत. दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोके घालून गोळा होतात आणि मधल्या गुदमरतात. धनगर त्यांना पांगवत राहतो, चराई पहाटे आणि संध्याकाळी करतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या धापेतून कर्बवायू उडतो, अंड्याच्या कवचाला लागणारा कच्चा माल कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची. मोठ्या वजनाचे ब्रॉयलर वीज गेल्यावर तासाभरात मरू लागतात. तिथे दुपारचे खाद्य काढून घेणे आणि जनरेटर तयार ठेवणे याला पर्याय नाही. बैलांबद्दल तर कायदाच आहे. ओढकाम व ओझेवाहू जनावरांच्या १९६५ च्या नियमांनुसार, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात त्यांना कामाला जुंपता येत नाही. साठ वर्षांचा हा नियम बहुतेक गावांत कुणी ऐकलेलाही नसतो. मार्च-एप्रिलमधल्या ऊसवाहतुकीच्या गाड्या पाहिल्या की ते कळते.

या सगळ्याला दुष्काळ जोडला की चित्र बदलते. २०१८-१९ मध्ये मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात हजाराहून जास्त चारा छावण्या लागल्या, त्यांत लाखो जनावरे. छावणीचा हिशोब प्रत्येक जनावराला किती किलो चारा, किती पेंड यावर चालला. सावलीचा हिशोब शेतकऱ्याने स्वतः मांडला: चार बांबू, जुन्या साड्या, शेडनेटचा तुकडा. पुढच्या छावणीच्या शासन निर्णयात चाऱ्याच्या किलोंइतकीच सावलीच्या चौरस मीटरची ओळ असली पाहिजे.

विम्याची एक नवी वाट केरळात निघाली आहे. तिथे मिल्मा या सहकारी दूध महासंघाच्या मलबार संघाने उष्णतेच्या निर्देशांकावर चालणारा विमा आणला. ठरलेल्या पातळीवर तापमान सलग काही दिवस राहिले की भरपाई, मग गाय मेली असो वा नसो. जनावराचा नेहमीचा विमा मृत्यूवर चालतो, त्याला कानातला बिल्ला आणि पंचनामा लागतो. उष्णता मात्र बहुतेक वेळा मारत नाही, दूध आटवते. मलबारची कल्पना हे ओळखते. तिचा आधार नुसता पारा असेल तर कोकणात ती पुन्हा फसेल.

आणि त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे पडून आहे. प्रत्येक गावातल्या संकलन केंद्रावर रोज दोनदा, प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे लिटर, फॅट आणि एसएनएफ छापले जाते. मार्च ते जुलै या महिन्यांत हे तीन आकडे जवळच्या हवामान केंद्राच्या तापमान-आर्द्रतेशेजारी मांडले तर कुठल्या गावात, कुठल्या निर्देशांकाला, किती दिवसांच्या उशिराने दूध पडते हे उघड दिसेल. देवणीची रेषा कुठे, पन्नास टक्के संकराची कुठे, म्हशीची कुठे, हे परदेशी सूत्रातून उसने घ्यावे लागणार नाही. आज ते कागद दहा दिवसांच्या पगाराचा हिशोब झाला की रद्दीत जातात.